व्हिक्टोरियन मॉडेल फार्मचे गोठे एवढे भव्य का? अन् आपल्या आखाड्याला त्यातून काय घेता येईल?

उदगीरचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, संभाजीनगरला शिकायलोय, गाव उदगीर तालुक्यात. थिसिसला विषय घेतलाय शेतातला आखाडा. म्हणजे गोठा, कडब्याची जागा, अवजारं, धान्य, सालगड्याची खोली हे सगळं एका जागी विचार करून कसं बांधता येईल ते. घरी देवणी गाई-बैल मिळून बारा जनावरं आहेत, म्हणून विषय माझ्या जवळचा आहे आणि पुढं तो खरंच बांधायचा पण विचार आहे.

गाईड म्हणाले, आधी इंग्लंडातले व्हिक्टोरियन मॉडेल फार्म, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळात जमीनदारांनी बांधलेली नमुन्याची शेती-आवारं, अभ्यासून ये. मग प्लॅन काढले, फोटो बघितले, अन् बघतच राहिलो. गोठ्याला कमानी, दोन रंगांच्या विटा, मधोमध घड्याळाचा टॉवर, दूध ठेवायच्या खोलीला नक्षीच्या टाइल. आपल्याकडं माणसाच्या घराला एवढं कुणी करत नाही. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्यात. एवढा पैसा जनावरांच्या इमारतीत लोकांनी का घातला? प्लॅनमागं खरंच काही लॉजिक आहे का नुसती श्रीमंती? आणि आपल्या उन्हात, आपल्या काळ्या मातीत त्यातलं काय चालेल? कुणी वाचलंय, बघितलंय, तर सविस्तर लिहा प्लीज.

गोदाकाठ

चांगला विषय घेतलास भावा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, इंग्लंडमध्ये काही वर्षं कामाला होतो तेव्हा यातले काही फार्म फिरून पाहिलेत, म्हणून लिहितो. लांबेल जरा.

आधी सजावट डोळ्यांआड कर आणि प्लॅनवर फक्त शेणाचा रस्ता शोध. खरंच सांगतो, शेण कुठं तयार होतं, कुठं साठतं अन् कुठून शेतात जातं एवढं पेन्सिलीनं काढलंस की निम्मा प्लॅन उलगडतो. कारण त्या काळात, साधारण १८४० ते १८७५, तिकडं ज्याला हाय फार्मिंग म्हणायचे त्याचा पायाच खत होता. परदेशी धान्यावर जकात लावणारे कायदे १८४६ ला रद्द झाले, आता बाहेरचं स्वस्त धान्य येणार, तर टिकायचं कसं? उत्तर असं निघालं की त्याच एकरात जास्त पिकवा. त्यासाठी जास्त खत, त्यासाठी जास्त जनावरं, आणि जनावरांना बाहेरून विकत आणलेली जवसाची, सरकीची पेंड. पेंड महाग होती, पण ती बैलाच्या पोटातून शेतात जाते असा हिशोब होता, म्हणजे बैल विकून थोडं नुकसान झालं तरी खत पदरात पडतं. बऱ्याच कुळांच्या करारात तर लिहिलेलंच असायचं की काड अन् वैरण शेताबाहेर विकायची नाही, तिथंच जनावरांना घालायची.

आता एवढं कळलं की इमारत समजते. एका टोकाला गंज्यांचं आवार. तिथून पेंढ्या मळणीच्या खोलीत. मळलेलं धान्य वर कोठारात, काड खाली कुट्टीला. कुट्टी, सलगम अन् पेंड एकत्र करायची खोली अगदी मध्यावर, कारण तिथून सगळ्या गव्हाणी सारख्याच जवळ पाहिजेत. मग जनावरं, मग त्यांच्या पुढ्यातलं अंगण जिथं काड पसरून खत तयार होतं, आणि तिथून गाडी सरळ शेताच्या रस्त्याला. माल एकाच दिशेनं पुढं सरकतो, उलटा कधी येत नाही. आपल्या साखर कारखान्यात ऊस एका बाजूनं आत जातो अन् मळी दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते, अगदी तसं. हे लोक कापडाच्या गिरण्या अन् रेल्वे बघून मोठे झालेले, त्यांनी शेतीची पण गिरणीच केली.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कोलशिल. तेव्हाच्या बर्कशरमध्ये, आता ऑक्सफर्डशरमध्ये येतं. अर्ल ऑफ रॅडनरनं १८५० च्या दशकात बांधून घेतलं, आज नॅशनल ट्रस्टकडं आहे. ते मुद्दाम उतारावर बांधलंय. वर गंज्या अन् मळणी, मधे जनावरं, खाली खत. वैरण उतारानं खाली येते, खत अजून खाली जातं, माणसाला ओझं घेऊन चढ चढायला लागत नाही. कुठलं मशीन नाही, फक्त जागा अक्कलहुशारीनं निवडली.

मशीनं पण होती. वाफेचं इंजिन एका खोलीत पक्कं बसवायचे, त्याच्या शाफ्टवर मळणी यंत्र, कुट्टी मशीन, सलगम कापायचं, पेंड फोडायचं, दळायचं, सगळं फिरायचं. म्हणून कित्येक फार्मवर उंच धुराडं दिसतं. पण तेवढ्यात चाकावरचं फिरतं इंजिन आलं, ठेकेदार मळणी यंत्र घेऊन शेतोशेत फिरायला लागला, आपल्याकडं सोयाबीनला येतो तसाच, आणि लाखमोलाची इंजिनघरं पुढच्या काही वर्षांत अडगळ झाली. थिसिसमध्ये हे जरूर लिही. इमारत शंभर वर्षं टिकते, मशीन दहा वर्षांत बदलतं, एका मशीनच्या मापानं भिंती बांधू नयेत.

रानवाट_जालना

वरचं वाचून मस्त वाटलं. मी शेतकरी आहे, इमारतीतलं जास्त कळत नाही पण एक विचारतो, त्यांची जनावरं वर्षभर आत का? आमची जनावरं दिवसा रानात, रात्री दावणीला. मग एवढ्या बांधकामाची गरजच काय पडली.

गोदाकाठ

दादा, वर्षभर नाही. थंडीत. तिकडं नोव्हेंबर ते एप्रिल गवत वाढत नाही अन् जमीन नुसती चिखल असते, जनावर रानात सोडलं तर रान तुडवून खराब करतं आणि थंडीनं वजन उतरतं. म्हणून हिवाळाभर आत. त्यामुळं त्यांचा प्लॅन हिवाळ्याचा आहे. उंच मळणीघर उत्तरेला, म्हणजे उत्तरेचा गार वारा अडतो, आणि जनावरांची अंगणं दक्षिणेला उघडी म्हणजे थंडीत खाली झुकलेल्या सूर्याचं कोवळं ऊन आत येतं. वरून बघितलं तर इंग्रजी ई अक्षर आडवं पाडल्यासारखा आकार, तीन हात दक्षिणेकडं अन् मधे दोन अंगणं. पुष्कळ प्लॅनमध्ये हेच सापडेल.

उदगीरच्या पोऱ्या, हे आपल्याकडं जसंच्या तसं उचलू नकोस. आपला त्रास दोन वेळचा, मे महिन्याचं ऊन आणि जुलैचा चिखल. थंडीचा नाहीच.

चुना_आणि_वीट

मी मूळ नांदेडची, सध्या हैदराबादला जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते. गोदाकाठ दादांनी फ्लो छान सांगितला पण सजावट डोळ्यांआड कर म्हणाले ते मला पटलं नाही, कारण त्या विटा, ते लोखंड, ते घड्याळ यात पण तेवढाच इतिहास आहे.

बघ, काच, वीट, लाकूड सगळं त्याच दहा-पंधरा वर्षांत स्वस्त झालं. काचेवरचा कर १८४५ ला गेला, विटांवरचा १८५० ला, खिडक्यांवरचा १८५१ ला. रेल्वे आली म्हणून वेल्समधली स्लेट, म्हणजे छपराला लावायची पातळ दगडी फरशी, देशभर पोचली. आधी प्रत्येक भागाचा गोठा तिथल्या दगडमातीचा, तिथल्या गवताच्या छपराचा असायचा, आता सगळीकडं लाल वीट अन् निळसर स्लेट. बिडाचे खांब आले म्हणून मधे भिंती न घालता रुंद छत टाकता आलं. आणि रुंद छत कशासाठी पाहिजे होतं, तर अख्खं अंगणच झाकायला. सुरुवातीच्या फार्ममध्ये खताचं अंगण उघडं दिसेल, १८५०-६० नंतरच्यात ते छताखाली गेलेलं दिसेल. हा बदल नीट बघ, याच्यामागं रसायनशास्त्र आहे, ते कुणीतरी जाणकार सांगतील.

आणि पत्रा! आज आपल्या प्रत्येक आखाड्यावर जो नाळीचा पत्रा आहे त्याचं पेटंट हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं १८२९ ला लंडनमध्ये घेतलं, डॉकमधल्या शेडसाठी. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट, त्यानं तर १८५१ ला स्कॉटलंडमधल्या बालमोरलच्या राजवाड्यात पत्र्याचा बॉलरूम, म्हणजे नाचाचा हॉल, उभा करून घेतला होता. म्हणजे राजघराण्याला पत्र्याची लाज नव्हती.

अल्बर्टचं नाव निघालं तर विंडसरच्या राजवाड्याचे फार्म बघच. शॉ फार्म अन् फ्लेमिश फार्म हे दोन्ही १८५० च्या दशकात त्यांच्याच पुढाकारानं नव्यानं बांधले. राजा-राणीच शेण-खताच्या प्लॅनमध्ये लक्ष घालायलेत म्हटल्यावर बाकी सरदार मागं कसे राहणार. तिथंच फ्रॉगमोरची रॉयल डेअरी १८५८ ची, जॉन थॉमस या शिल्पकारानं केलेली, आतून मिंटन या नावाजलेल्या कारखान्याच्या टाइल, संगमरवरी टेबलं, कारंजी. तू लिहिलेली नक्षीच्या टाइलची खोली बहुतेक तीच असणार. पण ती नुसती नटवलेली नाही. दूध नासू नये म्हणून खोली थंड पाहिजे, धुता आली पाहिजे, भिंतीत दुधाचा आंबूस वास मुरायला नको. टाइल, दगड अन् वाहतं पाणी हेच त्याला उत्तर होतं. डेअरी नेहमी उत्तरेच्या बाजूला अन् शेणापासून लांब ठेवायचे, ते पण याचसाठी.

काँक्रीटचं पण बघ. बस्कटला रॉबर्ट कॅम्पबेल म्हणून एक गृहस्थ होते, ऑस्ट्रेलियात पैसा कमावून आलेले. त्यांनी १८७० च्या आसपास शेताच्या इमारती काँक्रीटमध्ये ओतल्या, लोक घरं सुद्धा काँक्रीटची फारशी बांधत नव्हते तेव्हा. आणि वेल्समध्ये वेल्शपूलजवळ लेटन, तिथं लिव्हरपूलचे बँकवाले जॉन नेलर. त्यांनी डोंगरावर मोठी टाकी बांधली आणि पातळ खत तिथून पाइपानं उतारावरच्या शेतात सोडायची सोय केली. त्यांचं १८६१ चं कोंबड्यांचं घर एवढं देखणं आहे की लँडमार्क ट्रस्ट या जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेनं ते जपलंय, अन् त्याच्या शेजारचं राखणदाराचं घर सुट्टीत राहायला भाड्यानं देतं. माझा मुद्दा इतकाच की ज्यांना हौस अन् पैसा होता त्यांनी शेताला प्रयोगशाळा केलं, नवं मटेरियल आधी गोठ्यात वापरून बघितलं.

उदगीरचा_पोऱ्या

ताई, दादा, खूप खूप आभार, वहीची पानं भरलीत. घड्याळाच्या टॉवरचं राहिलं तेवढं सांगा ना, गोठ्याला घड्याळ कामून?

चुना_आणि_वीट

मजुरांसाठी रे. मजूर पगारी, कामाचे तास ठरलेले, आणि त्यांच्याकडं कुठं घड्याळ. टॉवरवरचं घड्याळ लांबच्या शेतातून दिसायचं, घंटा ऐकू यायची. आता प्लॅनमध्ये कारभाऱ्याचं घर कुठं आहे ते बघ. बऱ्याच ठिकाणी ते अशा कोपऱ्यावर असतं की त्याच्या खिडकीतून अंगणात कोण आलं कोण गेलं सगळं दिसतं. आत-बाहेर जायला दरवाजा पण बहुतेक एकच मोठा, म्हणजे पेंडीचं पोतं त्याच्या नजरेसमोरूनच जाणार. सालगड्याची खोली तुझ्या प्लॅनमध्ये आहे म्हणालास, तर ती कुठं अन् कशी ठेवणार याचा विचार याच्याशी लावून कर. तिथं राहणाऱ्या माणसाला वारा, उजेड, संडास, बायको-लेकरांना आडोसा मिळतो का ते आधी बघ, राखणीचं नंतर.

किल्लारी_९३

मला थोडं वेगळं बोलायचंय आणि मनापासून बोलायचंय.

मॉडेल फार्म हे मालकानं बांधलेले, मालकाच्या आर्किटेक्टनं काढलेले. राबायचं कुळांनी. तिकडच्या पद्धतीत जमीन अन् इमारत मालकाची, जनावरं अन् अवजारं कुळाची. मालकानं लाखो खर्चून इमारत दिली की तो खर्च भाडं वाढवून वसूल करायला बघायचा. इमारतीसाठी कर्ज देणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्याच्याही आधी सरकारनं १८४६ ला शेतातलं पाणी काढायच्या नळ्या टाकायला कर्ज दिलं होतं, २२ वर्षं साडेसहा टक्क्यांनी फेडायचं. मग १८७० नंतर अमेरिकेचं धान्य स्वस्तात यायला लागलं, १८७९ ला पावसानं पीक पार नासलं, भाडी खाली आली, आणि या देखण्या इमारतींचा पैसा निघायचा मार्गच बंद झाला. मॉडेल म्हणजे नमुना, पण नमुना बघून शेजारच्या छोट्या शेतकऱ्याला तसं काही बांधता आलं का? नाही आलं, कारण ते त्याच्यासाठी नव्हतंच.

हे मला एवढं लागतं कारण मी औसा तालुक्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या भागातली माळवदाची घरं बसली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं वजनदार छत, पहाटे लोक झोपेत होते. त्यानंतर नवी गावं वसवली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकासारखी एक घरं. मदत मोठी झाली, घरं पक्की मिळाली, त्याबद्दल लोकांच्या मनात जाण आहे. पण कित्येक घरांच्या नकाशात गाय नव्हती, बैल नव्हता, कडबा नव्हता, खताचा खड्डा नव्हता. जुन्या वाड्यात दारातून आत आलं की ढाळजेच्या, म्हणजे दाराजवळच्या बैठकीच्या, पलीकडं गुरं असायची, धान्याला बळद असायचं, सगळं घराच्या पोटात. नव्या घरात लोकांनी मग हळूहळू पुढं-मागं पत्रे टाकले, तिथं जनावरं बांधली, कुणी गुरं गावाबाहेर ठेवली, कुणी विकली. ज्याला दावणीला बांधायचंय त्याला विचारलं असतं तर पहिल्या दिवसापासून जागा सुटली असती.

म्हणून भाऊ, तुझ्या थिसिसमध्ये कोलशिल घाल, विंडसर घाल, पण तुझ्या गावातल्या दहा बायकांना पण विचार की शेण काढताना कुठं वाकावं लागतं, पाणी कुठून आणावं लागतं, धार काढताना उजेड कुठून पाहिजे. गोठ्यातलं काम आपल्याकडं जास्त करून बायाच करतात, अन् नकाशा काढताना त्यांना कुणी विचारत नाही.

गोदाकाठ

किल्लारी दादा, शंभर टक्के मान्य. बायकांना विचारा हे तर मी माझ्या ऑफिसात पण सांगणार आहे.

एक भर घालतो. सगळे मालक एकाच माळेचे नव्हते. नॉरफोकमध्ये होकमला कोक घराण्यानं कुळांना लांब मुदतीचे करार दिले, त्यामुळं कुळांनी स्वतः पण जमिनीत पैसा घातला. त्यांच्याकडचं सॅम्युअल वायटचं मोठं धान्याचं कोठार १७९० च्या दशकातलं, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर यायच्या खूप आधीचं. तिथं दरवर्षी शेतकऱ्यांचा मेळावा भरायचा. केंब्रिजजवळ विंपोलचं होम फार्म पण १७९४ चं, जॉन सोनचं. तेव्हा थिसिसमध्ये व्हिक्टोरियन एकदम आकाशातून पडले असं दाखवू नकोस. आधीच्या दोन पिढ्यांनी समतोल, देखणी आवारं बांधली, व्हिक्टोरियनांनी त्यात वाफ, रसायन अन् लोखंड आणलं.

परभणीकर_काका

बाळांनो, रसायनशास्त्राचं कुणीतरी सांगा असं ताई म्हणाल्या म्हणून लिहितो. आयुष्य कृषी विस्ताराच्या कामात गेलं, आता निवृत्त आहे. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

ऑगस्टस व्होल्कर नावाचे जर्मन वंशाचे रसायनतज्ज्ञ सायरनसेस्टरच्या शेती कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी १८५० च्या दशकात शेणखताचं पृथक्करण करून दाखवलं की खताचा ढीग उघड्यावर पावसात पडला की त्यातलं सत्त्व पाण्याबरोबर वाहून जातं, राहतो तो चोथा. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड किनेर्ड यांनी झाकलेलं खत अन् उघडं खत वेगवेगळं टाकून बटाट्याचं पीक घेतलं, झाकलेल्याचं सरळ जास्त आलं. झाकलेल्या अंगणांची लाट याच्यानंतरची. ती स्लेटची महाग छपरं गाईंना पाऊस लागू नये म्हणून जेवढी, त्याहून जास्त खताला पाऊस लागू नये म्हणून होती.

आणखी दोन पद्धती नोंदवून ठेव. नॉरफोकचे जॉन वॉर्न्स जनावरं खोल खणलेल्या बॉक्समध्ये ठेवायचे, रोज वर काड टाकत राहायचं, महिनोन्महिने खत खालीच दाबलं जातं, मूत सगळं काडात मुरतं, थेंब वाया जात नाही. उलट एसेक्समध्ये टिपट्रीला मेकी म्हणून वस्तऱ्याचा धंदा करून श्रीमंत झालेले गृहस्थ, त्यांनी जनावरांना फटींच्या लाकडी फळ्यांवर उभं केलं, शेण-मूत खाली पडायचं आणि तिथून पाण्याबरोबर वाफेच्या पंपानं लोखंडी पाइपातून शेतात. एकाला काडी भरपूर लागते, दुसऱ्याला पाणी. आपल्याकडं पाण्याची बोंब, तेव्हा मेकीचा मार्ग आपला नाही.

आता यातली खरी गोष्ट ऐक. याच व्होल्करांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना सरकारनं १८८९ ला हिंदुस्थानात शेतीची पाहणी करायला पाठवलं. वर्षभर देशभर हिंडले, अहवाल १८९३ ला छापून आला. बाप ज्या खताच्या मागं लागला त्याच खताकडं पोराचं लक्ष. त्यांनी लिहून ठेवलं की इथला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतीत वरचढ, त्याला अडाणी समजू नका. आणि हेही लिहिलं की सरपण नाही म्हणून शेण चुलीत जातं, आणि जनावराचं मूत तर कुणी साठवतच नाही. उपाय काय, तर आधी सरपणासाठी झाडं लावा म्हणजे शेण शेताला राहील. मला हा माणूस फार मोठा वाटतो. गोऱ्यांच्या राज्यात येऊन शेतकऱ्याची बाजू आकडे घेऊन मांडणं सोपं नव्हतं.

पुढं इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं कंपोस्टची पद्धत बसवली, त्यात त्यानं गोठ्याच्या मातीच्या जमिनीचा उपयोग केला. मूत मुरलेली माती खरवडून खतात टाकायची अन् गोठ्यात नवी माती भरायची. काँक्रीट नाही, ड्रेन नाही, पैसा नाही. आपल्या आज्या जे करायच्या त्याच्या जवळचंच हे.

आपल्याकडं मॉडेल फार्म होते का, हे तू विचारलं नाहीस पण थिसिसला लागेल. मद्रासजवळ सैदापेटला १८६० च्या दशकात, खानदेशात भडगावला, असे सरकारी फार्म निघाले. मराठवाडा निजामाकडं, त्यामुळं आपल्या भागात हे उशिरा आलं, परभणीला सरकारी प्रयोग क्षेत्र १९१८ ला सुरू झालं आणि त्याच परंपरेवर पुढं १९७२ ला कृषी विद्यापीठ उभं राहिलं. पण ते पीक-बियाण्याच्या प्रयोगांसाठी, इंग्लंडसारखी देखणी गोठ्याची आवारं इथं बांधली गेली नाहीत.

उदगीरचा_पोऱ्या

काका, हे वडील-मुलाचं मला माहीतच नव्हतं, हाच धागा धरून थिसिसचा मधला भाग लिहितो. किल्लारी दादा, सर्व्हेमध्ये बायकांच्या मुलाखती घेणार, माझ्या आईपासूनच सुरुवात.

आता शेवटचं विचारतो. आमची जागा सांगतो, काळी माती, हलका उतार पूर्वेकडं, पश्चिमेला रस्ता, विहीर वरच्या बाजूला म्हणजे पश्चिमेलाच. बारा जनावरं. तुम्ही असता तर काय कुठं ठेवलं असतं?

रानवाट_जालना

कडबा गोठ्याला चिकटून ठेवू नको एवढं माझं ऐक. उन्हाळ्यात एक ठिणगी पडली की गंजी अन् दावणीची जनावरं एकदमच जातात, आमच्या शिवारात झालंय. विजेची तार पण गंजीवरून जाऊ देऊ नको.

गोदाकाठ

दादांचं एकदम बरोबर, आणि इथंच आपण व्हिक्टोरियन प्लॅन सोडायचा. त्यांनी गंज्या मळणीघराला चिकटून ठेवल्या, आपण मोठी गंजी लांब ठेवायची अन् कुट्टी मशीनच्या खोलीत दोन-चार दिवसांची वैरण फक्त.

तुझा उतार पूर्वेकडं आहे ते फार चांगलं. वर पश्चिमेला रस्ता, विहीर, कडबा. मग कुट्टीची खोली. मग गोठा. मग पूर्वेला सगळ्यात खाली खत, आणि खताची गाडी तिकडूनच शेतात. झालं तुझं छोटं कोलशिल. विहीर वर असल्यामुळं खताचा पाझर तिच्यात जात नाही, हे पण आपोआप साधतं.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेव. म्हणजे दुपारचं तिरपं ऊन फक्त पश्चिमेच्या आखूड भिंतीवर येईल, ती भिंत जाड कर, बाहेर कडुनिंब लाव. दक्षिण अन् उत्तर मोकळ्या, वारा आरपार. छताच्या कण्यावर फट ठेव अन् तिच्यावर छोटं टोपण, गरम हवा वरून निघते. व्हिक्टोरियनांनी पण कण्यावर झडपा ठेवल्या होत्या, ही त्यांची गोष्ट आपल्याकडं त्यांच्याहून जास्त कामाची. पत्रा टाकलास तर वर तुराट्यांचा किंवा पाचटाचा थर दे, नाहीतर मे महिन्यात खाली उभं राहवणार नाही, फक्त तो ठिणगीपासून जपायचा. जागा धरताना एका गाईला छताखाली साडेतीन चौरस मीटर आणि उघड्या आवारात सात असा सर्वसाधारण हिशोब आहे, त्याच्याहून कमी करू नकोस, देवणी बैल अंगानं मोठा असतो.

काळ्या मातीवर थेट कोबा करू नकोस. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, कोबा फुटतो, अन् फुटलेल्या जागी मूत साचून खुरं सडतात. काळी काढून टाक, मुरूम भरून चोप, मग वर फरशी किंवा कोबा, आणि पृष्ठभाग खडबडीत ठेव.

परभणीकर_काका

उतार मी सांगतो. जमीन गव्हाणीकडून मागच्या नालीकडं ४० ला १ ते ६० ला १ एवढ्या उतारानं काढ. जास्त केलास तर गाभण गाईला त्रास, कमी केलास तर मूत साचतं. नाली गोल तळाची कर म्हणजे खराट्यानं एका हातात साफ होते.

मूत्राची टाकी मात्र मोठी घे. रोजगार हमीतून गोठ्याला जे अनुदान आहे त्याच्या नकाशात सहा जनावरांसाठी ७.७ गुणिले ३.५ मीटरची जमीन आणि २५० लिटरची मूत्र टाकी दिलेली आहे. सहा जनावरांना ती पुरते. एक मोठं जनावर दिवसाला साधारण आठ-दहा लिटर मूत देतं, म्हणजे तुझ्या बारांचं तेवढ्या टाकीत तीन दिवस सुद्धा मावणार नाही. वेळेवर उपसलं नाही की ती ओसंडते अन् सगळं नालीतून ओढ्याला. हजार लिटरची घे, वर झाकण ठेव, उघड्या टाकीतून अमोनिया उडून जातो.

आणि खताच्या खड्ड्यावर छप्पर टाक. लोक गोठ्यावर पैसा घालतात, खड्डा उघडा ठेवतात, अन् जुलै-ऑगस्टच्या पावसात वर्षाची कमाई वाहून जाते. चार बल्ल्या, वर पऱ्हाट्या नाहीतर जुने पत्रे, एवढ्यावर भागतं. खड्ड्याच्या वरच्या बाजूनं एक चर काढून बाहेरचं पाणी वळव. पुढच्या पावसाळ्याच्या आत खड्डा झाला तर गोठा मागाहून बांधला तरी चालेल, आधी खड्डा कर.